ओतणाऱ्याने बघायचं नाही

थेंब सुटत नव्हता. ड्रॉपरच्या टोकाशी तो जमला, फुगला, खालून जड होत लांबट झाला आणि तसाच लोंबकळत राहिला — ऐश्वर्याने रबरी फुग्यावरचं बोट सैल केलं, पुन्हा दाबलं — त्या तपकिरी थेंबात समोरच्या प्रवाळांच्या काचटाकीचा निळा उजेड उलटा होऊन अडकला होता, आणि हे आपण उगाच बघत बसलोय, सिझेरियनची केस आहे, ज्योती मॅडम वाट बघत असतील... असं मनात येईपर्यंत तो पडला. वाटीतल्या पाण्यात दोऱ्यासारखा खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

"टाकला?" मागून बाबांनी विचारलं.

"टाकला."

"आन दुसरा?"

"टाकते."

ती टाकीकडे तोंड करून उभी होती आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची, हा नियमच होता. मोजणाऱ्याने ओतायचं नाही आणि ओतणाऱ्याने बघायचं नाही. बाबांनी, भीमराज खिल्लाऱ्यांनी, सगळी नोकरी दीपगृहांवर काढली होती. तिथे म्हणे यंत्राचा काटा एकाने वाचायचा आणि किल्ली दुसऱ्याने फिरवायची, कारण किल्ली ज्याच्या हातात असते त्याला काटा आपल्या मनासारखाच दिसायला लागतो. ती शिस्त त्यांनी जशीच्या तशी हिंगोलीतल्या बैठकीच्या खोलीत आणली होती. बाबा टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेणार, त्यात पुडीतली पूड टाकून हलवणार, मग पाण्याला चढलेला गुलाबी रंग छापील पट्टीवरच्या गुलाबी चौकोनांशी ताडून बघणार आणि आकडा सांगणार. पाणी गडद गुलाबी झालं तर आयोडीन पुरेसं आहे, बाटलीला हात लावायचा नाही. फिकं गुलाबी झालं तर थोडं घालायचं. आणि पांढरं म्हणजे पाण्यासारखं पाणीच राहिलं, तर टाकीत काहीच उरलेलं नाही, प्रवाळं उपाशी आहेत.

आजही बाबा म्हणाले होते, "पांढरं."

गेले कित्येक आठवडे ते पांढरंच म्हणत होते. आणि ती ओतत होती.

म्हणजे बेफिकीरपणे नव्हे, तसं कुणी म्हणू शकलं नसतं. टाकीतलं पाणी किती हे तिने टाकीच्या मापावरून धरलं नव्हतं. आतले दगड, तळाची वाळू वजा करून खरं पाणी किती उरतं ते काढलं होतं, पेशंटचं वजन केल्याशिवाय ती भुलीचं औषध भरत नाही तसंच. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात. एका वेळी एकच बाटली — गुलाबी-जांभळ्या रंगासाठी आयोडीनची, हिरव्यासाठी लोहाची, निळ्यासाठी पोटॅशियमची, पण दोन एकदम कधी नाही, नाहीतर बरंवाईट कशाने झालं ते कळायचं नाही. औषध थेट टाकीत नाही, आधी वाटीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात. मग ती वाटी पंपाच्या झोतापाशी सावकाश, एखाद्या लेकराच्या तोंडाला दूध लावावं तशी रिकामी करायची. न मोजता एक थेंबही नाही. इतकं सगळं सांभाळून, मोजून-मापून, मात्रा दर आठवड्याला थोडी थोडी वाढत गेली होती, कारण दर आठवड्याला पाणी पांढरं होतं आणि बाबा म्हणत होते की प्रवाळांचा गुलाबी रंग अजून परतलेला नाही.

तो गेला कधी? थंडी सुरू झाली तेव्हा असेल. एका सकाळी बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते आणि म्हणाले होते, "ऐशू, ह्या डावीकडच्याचा रंग उतरून राहिला माय." तिने पर्स खांद्याला लावता लावता बघितलं होतं. सकाळी टाकीत नुसता निळा उजेड असतो, मोठा दिवा दुपारी लागतो, आणि दुपारी ती कुठल्या ना कुठल्या नर्सिंग होममध्ये कुणाच्या तरी उशाशी असते. त्या निळ्या उजेडात तिला वाटलं... हो, उतरल्यासारखा वाटला खरा. आता तिला आठवेना — खरंच तसं वाटलं होतं, की बाबांनी म्हटलं म्हणून वाटलं? बाबांनी म्हटलं की तसंच असायचं. रंगांच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता.

"माझा डोळा सरकारनं तपासलेला हाय," असं ते पाहुण्यांना सांगत. आणि ते खोटं नव्हतं. दीपगृहाच्या नोकरीत दर काही वर्षांनी डोळ्यांची परीक्षा व्हायची. रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक, ठिपक्यांच्या गर्दीत लपलेला आकडा... लाल आणि हिरवा ओळखता आला नाही तर माणूस दिव्याजवळ नको, घरी बसा. बाबांचा डोळा एकदाही चुकला नव्हता. सिद्धेश्वरच्या धरणापलीकडे मोठं पाणी कुणी पाहिलेलं नाही अशा गावातला, धरणाच्या कालव्यावर मजुरी करणाऱ्या बापाचा हा मुलगा त्या डोळ्याच्या जोरावर लक्षद्वीपला गेला, आणि सुट्टीवर आला की लहानग्या ऐश्वर्याला मांडीवर घेऊन सांगायचा — पाण्याखाली बागा असतात. दगडच असतात, पण जिवंत. ज्वारीच्या दाण्याएवढी तोंडं असतात त्यांना. तुला आपल्या घरातल्या कुणी सांगितले नाहीत असले रंग असतात. तिथला एक तुकडाही उचलायचा नाही हं, गुन्हा आहे तो, आणि गुन्हा नसता तरी उचलायचा नाही.

मग निवृत्त झाल्यावर, सगळ्यांच्या घरात टीव्ही असतो त्या भिंतीला, त्यांनी ही टाकी लावली. परदेशात प्रवाळांची शेती असते हे त्यांनी शोधून काढलं, तिथली कलमं कागदपत्रांसकट मागवली, मिठाच्या गोण्या मागवल्या, बोअरचं जड पाणी गाळायचं यंत्र मागवलं. आईने आधी तोंड वाकडं केलं होतं. "लोक रिटायर झाले की नातवंडं खेळवतात. आमच्याकडं दगडाला दिवा-बत्ती!" पण वीज गेली की इन्व्हर्टर लागला की नाही हे बघायला पहिली धावायची ती आईच.

"ऐशू, जाऊन राहिली का?" आता आईच स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात परात घेऊन. "हे बघ. तुझ्या बाबांना टमाटे आणायला धाडलं व्हतं. बघ काय आणले! अर्धे हिरवेगार. म्या म्हणलं लाल आणा, तर म्हणे लालच हायत."

"लालच व्हते," बाबा खिडकीकडेच बघत म्हणाले. "तुझ्या परातीत हिरवे झाले."

"व्हय, परात जादूची हाय माझी. बाजारात गप्पा मारत बसायचं, आन त्यानं जे भरलं ते उचलून आणायचं!"

ऐश्वर्या हसली. तिने वाटी पंपापाशी रिकामी केली, हात धुतले. जाता जाता नेहमीप्रमाणे बाबांच्या गोळ्या दुसऱ्या वाटीत काढून ठेवल्या, पाण्याचा पेला ठेवला. मणक्याचा टीबी झालेला; पाठीतली कळ आता थांबली होती, वजन वाढायला लागलं होतं, पण हाडातला आजार म्हणून उपचार लांबला होता. मूत्रपिंडं वयाप्रमाणे थोडी थकलेली. तिने विचारलं, तेही नेहमीप्रमाणे, "बाबा, नीट दिसतंय ना? अंधुक वगैरे नाही ना?"

"बराबर दिसून राहिलं. पेपर वाचतो की बिनचष्म्याचा."

"बरं."

गोळ्या त्यांनी तिच्या देखतच घेतल्या.

*

मिराबाई ऑपरेशनच्या टेबलावर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, थरथरत होती. औंढ्याच्या बाजूच्या तांड्यावरची. पहिलंच बाळंतपण, बाळ आडवं. बाहेर व्हरांड्यात तिची सासू मोतीबाई बसली होती, आरसे लावलेली जुनी लाल ओढणी डोक्यावर घेऊन — आता तांड्यावरही तशी कुणी घेत नाही, म्हातारीने दवाखान्यात यायचं म्हणून मुद्दाम काढलेली दिसत होती. ऐश्वर्या आत जाताना म्हातारीने सुनेला बजावताना तिने ऐकलं होतं, डाक्टरीनबाई जे म्हणंल त्याला व्हय म्हन, उगं नाट लावू नको.

पाठीतून सुई गेली. औषध गेलं. मिराबाईला पाठीवर निजवलं, पडदा लावला. आता पाच-दहा मिनिटांत बधिरपणा वर चढेल. तो किती चढला हे सांगणारं कुठलंही यंत्र नाही, फक्त स्पिरिटचा गार बोळा आणि बाईचं तोंड.

"इथं गार लागतं का, मिराबाई?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

इतक्या लवकर? ऐश्वर्याने बोळा उचलला आणि तिच्या खांद्याला लावला. खांदा बधिर व्हायचं कारणच नव्हतं.

"आणि इथं लागतं का गार?"

"न्हाई जी," मिराबाई गोड आवाजात म्हणाली.

"ऐश्वर्या, घेऊ का?" पलीकडून ज्योती मॅडमनी विचारलं. त्यांचे हातमोजे चढले होते.

"थांबा मॅडम." ती मिराबाईच्या तोंडाशी वाकली. "मिराबाई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. मी आता विचारणारच नाही. मी हात लावते, काय लागतं ते तूच सांग."

मिराबाईने डोळे मिटले, उघडले. "गार लागून राहिलं जी. तवाबी लागलं. म्या म्हनलं, न्हाई म्हनलं त तुमाले बरं वाटंल."

कुणीतरी हसलं. ऐश्वर्याही हसली. हे काही नवीन नव्हतं — होय-नाहीचा प्रश्न विचारला की माणूस तुम्हाला हवं तेच उत्तर देतं, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि ती ते कनिष्ठांना शिकवत आली होती. थोडं थांबली, पुन्हा बघितलं, आता बधिरपणा छातीखाली बरोबर आला होता. मॅडमनी सुरुवात केली. पुढचं सगळं भराभर झालं, पाणी, ओढाताण, आणि मग ते निळसर, गळून गेलेलं गाठोडं परिचारिकेच्या हातात... पाठ चोळली, नाकातोंडातलं काढलं, आणि बाळाने असा काही टाहो फोडला की मिराबाई पडद्याआडून रडायलाच लागली.

"गुलाबी झालं बघा," परिचारिका म्हणाली. "कसं गुलाबी झालं लेकरू!"

ऐश्वर्याने वर बघितलं. झालं होतं. आधी छाती, मग तोंड, मग हातपाय. ती रोज रंगावरच तर जगते, तिला वाटलं. ओठ, नखं, रक्त... यंत्राचा आकडा खाली यायच्या आधी तिला ओठांवरून कळतं. तिचाही डोळा काही कमी नाही. मग घरी असताना आपण कधी बघत का नाही? हा विचार आला आणि तिने तो बाजूला सारला, कारण मिराबाईचा रक्तदाब थोडा खाली आला होता.

*

दुपारी घरी आली तेव्हा आई पडवीत आडवी झाली होती, बाबा आतल्या खोलीत निजलेले. टाकीवरचा मोठा दिवा लागला होता. जेवायचं ताट झाकून ठेवलेलं होतं. पाण्याचा पेला घ्यायला ती खिडकीपाशी गेली आणि तिथे, खिडकीच्या कठड्यावर, सकाळची परीक्षानळी अजून तशीच उभी होती.

आतलं पाणी गुलाबी होतं.

नुसतं गुलाबी नाही. गडद, जवळजवळ जांभळं. उन्हात ती नळी धरली तर पलीकडची भिंत गुलाबी दिसत होती.

पहिला विचार अगदी शहाण्या माणसाचा आला — पाणी जास्त वेळ उभं राहिलं की रंग चढतच जातो, म्हणून तर ठरावीक वेळातच वाचायचं असतं. पट्टीवर तसं छापलेलंच आहे. झालं. जेवायला बस. तिने नळी खाली ठेवली, ताटावरचं झाकण काढलं. ताटात टोमॅटोची चटणी होती, हिरवी.

... लालच हायत म्हणे.

तिने घास उचलला आणि तो तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. बाजारात गप्पा मारायचा माणूसच नाही बाबा. वांगं घ्यायचं तरी देठ धरून, फिरवून, उजेडात बघून घेतात, भाजीवाले वैतागतात. मग हे टोमॅटो? आणि गेल्या महिन्यात — गेल्याच महिन्यात ना? — बाहेर चौकात सिग्नलला ते तसेच चालत सुटले होते, मागून रिक्षावाल्याने शिवी दिली होती, आणि आपण घरी येऊन त्यांना म्हटलं होतं, बाबा, तुमचं लक्ष कुठे असतं. लक्ष! आणि तो डावीकडचा रंग. आणि पांढरं. आणि पांढरं. आणि पुन्हा पांढरं...

गोळी. टीबीच्या त्या गोळीत तीन औषधं एकत्र आहेत, आणि त्यातलं एक डोळ्याच्या नसेला लागतं. सगळ्यांना नाही, फार थोड्यांना. पण थकलेल्या मूत्रपिंडांत ते साठत जातं. हे तिला माहीत होतं. हे तर परीक्षेत येणारं होतं. म्हणूनच ती दर वेळी विचारत होती — नीट दिसतंय ना? अंधुक नाही ना? आणि ते म्हणत होते, बराबर. पेपर वाचतो की. पेपर काळ्या-पांढऱ्यातच असतो. त्या औषधाने आधी अक्षरं जात नाहीत, आधी रंग जातात, लाल आणि हिरवा, हेही तिला माहीत होतं. आणि माहीत असून तिने तोच प्रश्न विचारला होता ज्याला होय सोडून दुसरं उत्तर देणं तिच्या बापाला जमलंच नसतं. खांद्याला बोळा लावून बघायचं तिला मिराबाईच्या बाबतीत सुचलं. घरात सुचलं नाही. आजवर ती पाण्याला औषध देत होती, आणि आजार पाण्यात नव्हताच.

ती उठून टाकीपाशी गेली. आता तिने बघितलं, नीट, नाक काचेला लागेपर्यंत. डावीकडचं ते फांद्या-फांद्यांचं प्रवाळ खरंच तपकिरी पडलं होतं, त्याची बारीक तोंडं मिटलेली होती, आणि एका फांदीच्या टोकाला कातडी सुटून आतला पांढरा सांगाडा उघडा पडला होता. उपासाने नव्हे, जास्त झालं म्हणून. थंडीत बाबा म्हणाले तेव्हा ते बहुधा ठणठणीत होतं. बाबांनी म्हटलं रंग गेला, म्हणून तिने ओतलं, आणि ओतून ओतून आता तो खरंच गेला होता. तिला इतका राग आला — कुणाचा ते कळेना — की तिने आयोडीनची बाटली उचलली आणि मोरीत नेऊन पार उलटी केली. मग रिकामी बाटली हातात धरून तिथेच उभी राहिली, आणि रडली. थोडाच वेळ. आईला जाग येईल म्हणून.

पाण्याचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ओतणं बंद. मिठाचं नवं पाणी कालवून ठेवायचं आणि रोज थोडं थोडं बदलायचं, एकदम सगळं नाही. एकदम बदललं तर त्या धक्क्याने उरलेलीही जातात. मग वाट बघायची. डोळ्यांचंही तसंच — उद्याची गोळी द्यायची नाही, आजच छातीच्या डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घ्यायचं, उद्या सकाळी नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि मग वाट. औषध दिलं की डोळ्यांदेखत गुण दिसतो अशी तिची सगळी विद्या. चार मिनिटं हा तिच्या धंद्यात फार मोठा वेळ. वाट बघणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पण त्याच्या आधी त्यांना सांगायचं होतं. ज्या माणसाला सरकारने लाल-हिरवं ओळखतो म्हणून दिव्याजवळ बसू दिलं, त्याला.

*

"दोनदा मोजायचं न्हाई," बाबा म्हणाले. झोपेतून उठून ते चहा पीत होते. "सकाळी मोजलं ना."

"आज मोजू, बाबा. आणि आज मी बघणार आहे."

त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. काहून, असं विचारतील असं तिला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. कप खाली ठेवला, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं. पाणी रेघेपर्यंत, पुडी, बुचाला अंगठा लावून हलवणं, मग नळी पट्टीवर टेकवून थांबणं. ती त्यांच्या शेजारी बसली. नियम मोडून इतक्या जवळ ती पहिल्यांदाच बसत होती, आणि पाण्यात हळूहळू रंग चढताना तिला दिसला — पहिल्यांदा असेल-नसेल असा, मग निश्चित, मग थांबेचना. वेळ झाली तेव्हा पट्टीवरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही तो गडद होता.

बाबा नळीकडे बघत होते. त्यांनी ती उजेडात धरली, मान तिरपी केली, दुसऱ्या बाजूने बघितलं. खिशातून रुमाल काढून काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

गुलाबी दिसतं का, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"काय दिसतं, बाबा?"

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग, तिच्याकडे न बघता, त्यांनी असं काहीतरी विचारलं जे त्यांनी तिला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"तुला काय दिसून राहिलं?"

तिला कळलं की ते काही आजच घाबरलेले नाहीत. एकटेच घाबरत आले असतील, कधीपासून कुणास ठाऊक. आणि आता तिने नुसतं पांढरं म्हटलं तरी पुरणार होतं. संध्याकाळ सुखाची जाईल, आई टोमॅटोवरून बोलेल, ते हसतील. पण उद्या सकाळी वाटीत गोळी काढायची वेळ येणारच होती.

"गुलाबी," ती म्हणाली.

"फिकं?"

"नाही. गडद. शेवटच्या चौकोनाच्याही पुढे."

त्यांनी नळी सावकाश कठड्यावर ठेवली. "सकाळीबी आसंल मग."

"असणार."

"मला वाटलं, दिवा म्हातारा झाला," ते म्हणाले. "टाकीवरचा. जुना दिवा तांबडं खातो, आमी लई पाहिलंय तसं. मी तर नवा मागवायच्या इचारात व्हतो."

मग तिने सांगितलं. गोळीचं, नसेचं, उद्या नांदेडला जायचं. जे जसं होतं तसं, पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना जे गोलगोल बोलते तसं नाही. ते ऐकत होते, यंत्रात कुठे बिघाड झाला हे कुणी समजावून सांगावं तसे मान हलवत होते.

"येतील का माघारी? रंग."

"येतात, बाबा. महिने लागतात. काहींचे येत नाहीत."

"हां," ते म्हणाले. तिला वाटलं आता उठून आत जातील. पण त्यांनी खुर्ची धरली, फिरवली आणि टाकीसमोर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"डावीकून सांग," ते म्हणाले. "एकेक. कसाय ते."

ती काचेपाशी उभी राहिली. सांगायला तोंड उघडलं आणि थबकली. तिला एकदम उमगलं की आता ती काहीही सांगू शकते. जुना रंग सांगितला, त्यांच्या आठवणीतला, तर ते तो धरून चालतील. ताडून बघायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही.

"हे डावीकडचं... तपकिरी झालंय. टोकाला कातडी सुटलीय. माझ्याने जास्त पडलं, बाबा. बहुतेक जाईल ते."

"तपकिरी?"

"हो."

"मलाबी तपकिरीच दिसून राहिलं!" ते पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की तिला त्यांच्याकडे बघवेना. "म्हणजे ह्याच्यात आपण दोघं बराबर. हाय ना? आन त्याच्या बाजूचं?"

बाजूचं तिने बघितलं. ते दगडाला चिकटलेलं, पानासारखं पसरलेलं प्रवाळ होतं, त्याला काहीही झालं नव्हतं. ते लाल होतं. मोठ्या दिव्याखाली ते असं लाल होतं, मधोमध आणखी खोल, कडांना जरा नारिंगी होत गेलेलं, की ती बघतच राहिली. इतक्या वर्षांत ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. या घरात बघायचं काम बाबांचं होतं आणि तिने निर्धास्तपणे ते त्यांच्यावर टाकलेलं होतं. ते आता तिच्याकडे आलं होतं. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, ती वाटली नाही. मघाचा रागही कुठे गेला होता. हा रंग आता या खोलीत तिला एकटीलाच दिसतोय, याचं मात्र तिला फार, फार वाईट वाटलं.

मागे बाबा थांबले होते. या वेळीही आपलं बरोबर येईल अशा उमेदीने, काचेत उमटलेल्या तिच्या तोंडाकडे बघत.